जबडा उघडत नाही तेव्हा

कुत्रा भांड्यापाशी येतो, वास घेतो, लाळ गाळतो आणि मागे फिरतो. भूक आहे, पण तोंड उघडताना कळ येते. दवाखान्यात पहिला संशय दातांवर जातो आणि बहुतेकदा तो खराही ठरतो. उरलेल्या थोड्यांसाठी हे पुस्तक आहे. जबड्याच्या सांध्यातला जंतुसंसर्ग कुत्र्यांत विरळाच. म्हणून तो ध्यानात येत नाही, आणि तोवर सांधा जखडू लागतो.

खालच्या जबड्याचे आडवे टोक कानशिलाच्या हाडातल्या खोबणीत बसते. मध्ये पातळ चकती. लगेच मागे कानाची नळी आणि मध्यकर्णाची पोकळी. या शेजारामुळे जुना वाहता कान हा संसर्गाचा एक ठळक रस्ता ठरतो. चावा, घशाच्या मागे घुसलेली काडी, क्वचित रक्तातून आलेले जंतू हे दुसरे. पावसाळा सरल्यावर आपल्या माळांवर कुसळी गवत वाळते; त्याचे कुसळ एकदा शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. तेव्हा जनावर कुठे हिंडते, हेही मालकाला विचारावे.

तोंडात हात घालण्यापूर्वी रेबीज आठवावा. लसीची खात्री नसलेल्या, लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या घशात हाडच अडकले असेल, हा समज जिवावर बेतू शकतो.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. चावण्याच्या स्नायूंवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते, त्या आजारातही जबडा असाच उघडत नाही, आणि त्यावर स्टेरॉइडचे मोठे डोस लागतात. संसर्ग असताना तेच दिले तर पू आणखी पसरतो. स्नायुदाहासाठी २एम प्रतिपिंडांची रक्ततपासणी आहे; तिचा निकाल येईपर्यंत वेदनाशामकावर भागवता येते. पण स्टेरॉइड नसलेली सूजरोधके एकदा सुरू केली की स्टेरॉइडकडे वळताना मध्ये खंड ठेवावा लागतो, हे विसरू नये.

एक्स-रेत कवटीची हाडे एकमेकांवर पडून सांधा झाकोळतो. सीटी स्कॅनमध्ये झिजलेले हाड, पुवाचा कप्पा आणि मध्यकर्ण एकत्र दिसतात. सुईने काढलेल्या द्रवात विघटित पांढऱ्या पेशी आणि जंतू दिसले की निदान पक्के. शक्यतो हा नमुना प्रतिजैविकाआधी घ्यावा. कल्चर कोरे आले, तरी संसर्ग नाही असे मानू नये.

भूल दिल्यावर वेदनेने मिटलेले तोंड उघडते, जखडलेले उघडत नाही. त्यामुळे श्वासनलिकेला छेद देण्याची तयारी आधीच हवी.

उपचार काही आठवडे चालतात: कल्चरनुसार प्रतिजैविक, पुवाचा निचरा, मऊ अन्न. मूळ कानात असेल तर कानाची शस्त्रक्रिया टाळून चालत नाही. नुसत्या गोळ्यांवर संसर्ग पुन्हा उसळतो. सांधा पुरता नासला असेल, तर जबड्याचे ते टोकच काढतात. मालक हे ऐकून हादरतात, पण त्यानंतरही बरेच कुत्रे नीट खाऊ लागतात, हे त्यांना आधी सांगावे.