गुढियारीची पेठ आणि तेलाची दप्तरे

रायपूर स्टेशनाच्या पलीकडे, रुळांच्या त्या अंगास वसलेल्या गुढियारीस आज जे ठोक किराण्याच्या पेठेचे स्वरूप आहे ते मुख्यत्वे आगगाडीची देणगी होय. परंतु ज्या तेलातुपाच्या डब्यांची तेथे चढउतार चालते, त्यांचा पूर्वेतिहास रुळांहून पुष्कळ जुना आहे. १८१८ साली इंग्रज अधिकारी कर्नल अ‍ॅग्न्यूने छत्तीसगडच्या कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, त्याच्या कितीतरी आधीपासून नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाबरोबर आलेली मराठी कारकुनांची व कमाविसदारांची घराणी या मुलखात स्थिरावली होती, आणि नागपूरकडे ज्याची चटणी पानात असे ते जवस त्यांना येथेही परके वाटण्याचे कारण नव्हते.

भाताच्या या खाचरांत जवस हे मागचे पीक. कापणीपूर्वी उभ्या भातात, ओल्या जमिनीवर बी फेकून द्यावयाचे, वेगळी नांगरणी नाही की पाणी नाही. या रीतीला इकडे उतेरा म्हणतात. घाण्यावर तेल गाळणाऱ्या तेली समाजाचा मान असा, की राजिम या क्षेत्राचे नावच लोककथा एका तेलिणीवरून सांगते, जिचे तेलाचे भांडे एका शिळेवर ठेविल्यापासून रिते होईना आणि ती शिळा म्हणजे विष्णुमूर्ती निघाली. जवसाच्या तेलाचा सुमारे निम्मा भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असल्यामुळे हवा लागताच ते सुकून घट्ट होते. खाणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष, रोगण करणाऱ्याच्या दृष्टीने गुण, आणि म्हणूनच मध्य प्रांतातील जवस मुंबईमार्गे युरोपच्या कारखान्यांकडे निघाले.

१९३७ साली डालडा हे वनस्पती तूप बाजारात आले. निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडून घट्ट केलेले हे तेल तुपाशी इतके साधर्म्य राखून होते, की स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घालण्याचे विधेयक थेट संसदेत आले. बंदी झाली नाही. त्याऐवजी सरकारने युक्ती योजिली, ती अशी की वनस्पती तुपात तिळाचे तेल मिसळणे कारखानदारांवर बंधनकारक केले, म्हणजे तुपातील त्याची भेसळ ओळखता यावी. संशयित तूप वितळवून त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफुरलचे थेंब घालून हलवावे. तळाशी बसणारा आम्लाचा थर किरमिजी झाला, तर भेसळ शाबीत. त्या काळच्या कारभाराचा याहून चोख नमुना मला ठाऊक नाही. गिऱ्हाईक फसले काय, एवढेच या परीक्षेस कळे. जाणूनबुजून तेच विकत घेऊन खाणाऱ्याच्या देहात पुढे काय घडते, हे तिच्या कक्षेबाहेरचे होते. वनस्पती तुपाचे जनावरांवर प्रयोग झाले तेही बव्हंशी वाढ आणि वजन पाहून थांबले.

वस्तुतः जीवशास्त्रज्ञ वॉडिंग्टनने या प्रश्नाला लागू पडणारा एपिजेनेटिक्स हा शब्द १९४२ सालीच योजिला होता. त्याच्या आजच्या अर्थाने जनुकांची मूळ सनद तीच राहते, मात्र तिच्या समासावर मिथिल गटांचे शेरे पडतात आणि कोणते कलम अमलात यावे, कोणते तहकूब राहावे, हे पुष्कळ अंशी त्या शेऱ्यांवर ठरते. स्निग्धाम्ले जळताना निर्माण होणारा असिटिल अंशही डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांना चिकटतो व तो भाग मोकळा करतो. स्वीडनमधील उप्साला येथे निरोगी तरुणांना सात आठवडे मफिन खाऊ घातले, काहींना पाम तेलाचे, काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. लुंड येथील संशोधकांनी त्यांच्या मेदऊती तपासल्या, तेव्हा मिथिलचे शेरे दोन्ही गटांत बदललेले, परंतु एकसारखे नव्हेत, असे आढळले. गुढियारीसारख्या पेठांतून आज शेजारीशेजारी विकली जातात, ती तेले हीच.

मराठी मुलखात या विषयाचा पाठपुरावा पुण्यास झाला. भारती विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाभण उंदरांना फॉलिक आम्ल अधिक आणि बी-१२ जीवनसत्त्व वर्ज्य असा आहार दिला, तेव्हा वारेतील डीएनएवरील मिथिलचे प्रमाण घटले. त्याच आहारास ओमेगा-३ स्निग्धाम्लांची जोड देताच ते पूर्ववत झाले. बी-१२ची उणीव आपल्याकडील शाकाहारी घरांत सर्रास आढळते, म्हणून या प्रयोगाचे मोल अधिक. जवसातील आम्लही ओमेगा-३ गटातलेच असल्यामुळे यावरून उतेऱ्याच्या जवसाची थोरवी गाण्याचा मोह कोणालाही होईल, परंतु तो आवरलेला बरा: उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, आणि जवसातील आम्लाचा फारच थोडा अंश आपल्या शरीरात डीएचए या उपयुक्त रूपापर्यंत पोहोचतो. कायदा मात्र उशिरा का होईना दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे खाणाऱ्याच्या देहाकडे, वळला असून, जानेवारी २०२२ पासून तेलातुपातील, तेल घट्ट करताना निर्माण होणाऱ्या, ट्रान्स स्निग्धाम्लांस २ टक्क्यांची मर्यादा आहे.