परमुलखात घर बांधताना

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती प्रथम उच्चारली, त्याने घर बहुधा आपल्याच गावात बांधले असावे. गवंडी ओळखीचा, सुतार आळीतला, दगडाची खाण कोणत्या टेकडीला आहे हे आजोबांच्या वेळेपासून ठाऊक. एवढे सगळे असूनही बिचारा मेटाकुटीस आला आणि पुढच्यांना इशारा देऊन गेला! मग ज्याला परक्या मुलखात घर बांधायचे आहे, त्याचे काय होत असेल? पैसा हाती आहे, जागाही मिळाली आहे. पण चुना कुठं मिळतो, लाकूड कुठलं टिकतं, पावसात कोणता दगड झिजतो, यातले काहीच माहीत नाही. आणि विचारावे, तर त्या वस्तूंची इथली नावेही येत नाहीत.

मी राहतो त्या चारकोपच्या आसपास चार-पाच मैल फिरले, तर अशा परक्या घरबांध्यांच्या चारशे-पाचशे वर्षांच्या खुणा दिसतात. त्यांचीच हकिकत आज सांगावयाची आहे.

पण आधी इथली घरे कशी होती ते पाहू. साष्टीच्या डोंगरात कारवी नावाचे झुडूप उगवते. सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी ही कारवी. तिच्या काठ्या तोडून आणायच्या, त्यांचा कुड विणायचा, वर माती-शेणाचा लेप द्यायचा, की झाली भिंत. वर पेंढा किंवा ताडाची झावळी. ज्याची ऐपत होती, तो दगडाचे जोते आणि कुंभाराची नळीची कौले घाली. सगळे साहित्य दिवसभराच्या चालीच्या आत मिळे. घर म्हणजे त्या मुलखाचाच एक तुकडा, उभा केलेला.

१५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, आणि तिच्याबरोबर साष्टीही त्यांच्या हाती आली. लिस्बनहून घरे तर कोणी गलबतात घालून आणू शकत नव्हते! तेव्हा या मंडळींनी काय केले? बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी आहेत. तेथे फ्रान्सिस्कन पाद्री आले, आणि तयार कातळात कोरलेले दालन पाहून त्यांनी त्याचेच प्रार्थनामंदिर केले. वर चर्च आणि विद्यालय बांधले. त्याच्या भिंतींचे अवशेष आजही लेण्याच्या माथ्यावर उभे आहेत. ज्यांचे देवस्थान होते त्यांच्या मनाला काय वाटले असेल, हे सांगावयास नको. परंतु घरबांधणीच्या दृष्टीने पाहिले, तर परका माणूस आधी जे तयार आहे त्यावरच हात टाकतो, हा पहिला धडा तिथे दिसतो.

दुसरा धडा वसईचा. पोर्टलंड सिमेंट तेव्हा जन्मालाही आले नव्हते. परंतु कोकणच्या किनाऱ्यावर शिंपले गोळा करून भट्टीत भाजायचे आणि त्यांचा चुना करायचा, ही विद्या होती. पोर्तुगीजांनी ती घेतली. खिडक्यांना काच नव्हती. तर चपट्या, अर्धपारदर्शक शिंपा लाकडी चौकटीत बसवून त्यांनी प्रकाश आत घेतला आणि पाऊस बाहेर ठेवला. अशा शिंपांच्या खिडक्या गोव्यात अजून पाहावयास मिळतात. आणि दगड? वसईच्या काळ्या दगडाची त्यांना एवढी पारख झाली, की गोव्यात १५९४ ते १६०५ या काळात बॉम जेझूचे चर्च बांधताना दर्शनी भागाच्या नक्षीसाठी त्यांनी तो समुद्रमार्गे वसईहून नेला. भिंती मात्र गोव्याच्या जांभ्याच्या.

हा जांभा मोठा गमतीचा दगड. खाणीत असतो तोवर मऊ, कुऱ्हाडीने चिरे काढावेत असा; वारा लागला की टणक होतो. मलबारात त्याचे विटांसारखे चिरे पाहून बुकॅनन नावाच्या इंग्रज कंपनीच्या डॉक्टराने १८०७ साली लिहिताना त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. पण जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा हवा, हे गोव्याच्या गवंड्याला सांगावे लागत नसे. बॉम जेझूवरही तसा गिलावा होता. १९५०च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या एका वास्तुतज्ज्ञाने तो काढवला. उघडा दगड अधिक प्राचीन, अधिक भारदस्त दिसेल, असा हिशेब असावा. दिसतोही तसा. परंतु तेव्हापासून प्रत्येक पावसाळा त्या उघड्या जांभ्यावर पडतो आहे, आणि झीज कशी थांबवावी याची चिंता आजच्या जाणकारांना पडली आहे. त्याच्या साडेतीन शतके आधी आलेल्या परक्यांनी स्थानिक गवंड्याला विचारले. नंतर आलेल्याने डोळ्यांवर भरवसा ठेवला. फरक एवढाच, पण केवढा!

आता एक निराळा परका पाहा. गेओर्ग प्लेब्स्ट हा जर्मन गृहस्थ बासेल मिशनचा. मंगळूरला आला, आणि नेत्रावती-गुरपूर नद्यांच्या काठची चिकणमाती त्याने हाताने चोळून पाहिली. १८६५ साली मिशनचा कौलांचा कारखाना निघाला. खोबणीने एकमेकांत बसणारी ती चपटी मंगलोरी कौले गलबतांतून कोकणपट्टीच्या बंदराबंदराला उतरली. नळीची कौले दर पावसाळ्याआधी परतावी लागत. एक सरकले की घरात धार. मंगलोरी कौलाने घरधन्याची ही कटकट पुष्कळ कमी केली. माती इथली, साचा तिथला. आज आपण ‘अस्सल कोकणी घर’ म्हणून ज्याचे चित्र काढतो, त्याचे लाल छप्पर हे असे आहे बरं का!

आता पुन्हा आमच्या बाजूला येऊ. जॉर्ज विटेट हा स्कॉटलंडचा वास्तुशिल्पी १९०४ साली मुंबईत आला. तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता. १९११ साली पंचम जॉर्ज बादशहा अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताची कमान पुठ्ठ्याची होती. पुढे पक्की कमान बांधण्याचे ठरले आणि ते काम विटेटकडे आले. त्याने दगड कोठून घ्यावा? जाळ्या ग्वाल्हेरहून आणल्या. पण कमानीचा पिवळसर दगड घेतला खारोडीचा. हे खारोडी म्हणजे मालाडच्या मार्वे रस्त्यावरचे गाव, चारकोपच्या दक्षिणेला, अगदी शेजारी. १९२४ साली ‘गेटवे ऑफ इंडिया’ उघडले गेले. मुंबईचे वस्तुसंग्रहालयही विटेटचेच. त्यात कुर्ल्याचा करडा दगड आणि मालाडचा पिवळट दगड शेजारी शेजारी बसवलेले आहेत. देशोदेशीचे पाहुणे ज्या कमानीपुढे उभे राहून छायाचित्र काढतात, तिचा दगड आपल्या शेजारच्या गावचा, हे आमच्या चारकोपच्या मुलांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? विटेट परत गेला नाही. १९२६ साली तो मुंबईतच वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला मूठमाती मिळाली.

घेणाऱ्याने घेतले की देणाऱ्याचे काही जाते, हेही सांगितले पाहिजे. १९२०च्या दशकात बॅक बेमध्ये समुद्र हटवण्याचे काम चालले होते, तेव्हा कांदिवलीची टेकडी फोडून तिचा मुरूम रेल्वेने तिकडे नेला. कुठल्या तरी घराचा पाया भरतो, तेव्हा कुठला तरी डोंगर कमी होतो.

आणि शेवटचे परके म्हणजे आम्हीच. सेनेगलमध्ये १९७२ साली जागतिक बँकेने एक प्रयोग सुरू केला: सरकारने घर बांधून देऊ नये, आखलेली जागा, रस्ता, पाणी आणि गटार द्यावे, घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे. टर्नर नावाच्या इंग्रज वास्तुतज्ज्ञाने पेरू देशातल्या गरीब वस्त्यांत राहून मांडलेले विचार या प्रयोगाच्या मुळाशी होते. हीच कल्पना १९८५ साली मुंबई नागरी विकास प्रकल्पातून चारकोपला आली. खाडीकाठच्या या जमिनीवर छोटे छोटे भूखंड पडले. पस्तीस-पस्तीस भूखंडांची एक सोसायटी, मध्ये सामाईक अंगण. कोणी रत्नागिरीचा, कोणी साताऱ्याचा, कोणी गुजरातेतला, कोणी उत्तरेकडचा. जुन्या चारकोप गावठाणातल्या लोकांच्या लेखी आम्ही सगळेच परदेशी!

आणि मग तीच जुनी शोधाशोध. साताऱ्याकडचा माणूस ‘वाळू’ म्हणे, इथला दुकानदार ‘रेती’ म्हणे. खडी ब्रासवर मिळते; पण ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि ट्रकमध्ये तेवढी भरली आहे की नाही हे कोण मोजणार? सिमेंटवरचे नियंत्रण १९८२ साली निम्मे उठले होते, पुरते उठले ते १९८९ साली. तोवर पोते मिळाले की शेजाऱ्याला सांगायचे, तो खडी आणी तेव्हा तो आपल्याला सांगे. माझ्या पहिल्या भिंतीला खाडीची खारी रेती वापरली गेली. वर्षभरात गिलाव्यावर पांढरी बुरशी यावी तसे मीठ फुलले. गावठाणातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीला बोट लावले, ते जिभेला लावले आणि म्हणाला, “विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

त्या एका वाक्यात मला पाचशे वर्षांचा इतिहास सापडला. आता डोंगर फोडायला उरले नाहीत, खाडीची तिवरे राखावयाची आहेत, वाळूही यंत्रात दगड दळून होते. साहित्य बदलले. परंतु कुठले पाणी कुठे मुरते, वारा कुठल्या अंगाने येतो, कुठल्या भिंतीला ऊन लागले पाहिजे, हे अजून त्या त्या मातीतल्या माणसालाच ठाऊक असते. ती माणसे थकत चालली आहेत. त्यांच्या ओट्यावर बसून विचारायचे असेल, तर आताच विचारले पाहिजे.