आजी जिथं गप्प व्हायची ती ओळ

बेळगावच्या जुन्या घरांच्या आठवणी इथं वाचतो, तेव्हा आमच्या घरची एक गोष्ट लिहावी असं बरेच दिवस मनात होतं. वडील होते तोवर लिहिली नाही. का, ते पुढं कळेल.

आम्ही मराठी ख्रिस्ती. बेळगावात हे काही नवल नाही. लंडन मिशन इथं १८२० मध्ये आलं. ‘यमुनापर्यटन’वाले बाबा पदमनजी इथलेच, १८३१ चा जन्म आणि १८५४ चा बाप्तिस्मा, दोन्ही बेळगावातच. पण आमचे आजोबा खानापूर तालुक्यातल्या खेड्यातले. मुलं लहान असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि गावी थोरल्या भावानं त्यांचा घटस्फोट केला.

आज घटस्फोट म्हटलं की कोर्ट आणि नवरा-बायको डोळ्यांसमोर येतात. मूळ विधी वेगळा. जातीबाहेर गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा घडा लवंडायचा, म्हणजे तो जिवंत असला तरी मेला. आजोबा बेळगावात शाळेत शिकवत होते आणि गावात त्यांचं सुतक पाळलं जात होतं!

भातशेतीतला वाटाही अर्थात गेला. खरं तर कायदा त्यांच्या बाजूनं होता. १८५० च्या २१ व्या कायद्यानं धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नाही, हे ठरून गेलं होतं. आजोबांनी मागितला नाही. ते अकाली गेले, पदरी तीन मुलं टाकून. मग आजी वकिलाकडं गेली. वाटणीतून वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत दावा लावावा लागतो, त्यातलं एक वर्षच उरलंय, असं वकिलांनी सांगितलं. कागद तयार झाले.

त्या काळात आजी चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायची, पण अपराध्यांना क्षमा केल्याची ओळ आली की गप्प. पुढची ओळ परत सुरू. वडिलांना लहानपणी वाटायचं, आईला तेवढंच पाठ नाही. तिनं नंतर सांगितलं, ‘‘खोटं कसं म्हणू देवासमोर?’’ मला हा तिचा रोखठोकपणा आवडतो. तोंडानं म्हणून मोकळं होणारे आपण पुष्कळ.

आणि मग कुणीतरी तिला ‘स्मृतिचित्रे’ दिलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आठवणी १९३४ पासून भागाभागानं निघत होत्या. रेव्हरंड टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, परत आल्या तरी सोवळ्यातला स्वयंपाक वेगळाच ठेवला, आणि १९०० मध्ये आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. आमच्यात या पुस्तकाचं कौतुक बहुधा त्या शेवटासाठी होतं. आजी अडकली आधीच्या भागात. धर्मांतराची गोष्ट तिनं आजवर सोडून जाणाऱ्याच्या तोंडून ऐकली होती. इथं मागं राहिलेली बाई बोलत होती, नि तिचंही घर मोडलेलं होतं.

‘‘रात्रभर काय वाचालीस?’’ असं शेजारणीनं विचारलं, तेव्हा आजी म्हणाली म्हणे, ‘‘माझ्या सासूचं वाचालोय.’’

आणि मग तिला तिची स्वतःची गोष्ट बोचायला लागली. आजोबा वारले तेव्हा तिनं गावी कळवलंच नव्हतं. तुम्ही मेला म्हणालात ना, मग आता कशाला सांगू, या रागानं. आईला आपला मुलगा गेल्याचं बाजारात कुणाकडून तरी कळलं होतं.

आजी एकटीच गावी गेली. सासूला दिसेनासं झालं होतं. आजी अंगणात उभी राहून म्हणाली, ‘‘आत्याबाई, मी कळवलं नाही. माझं चुकलं.’’ म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं एवढंच विचारलं, ‘‘शेवटाला पाणी कुणी दिलं त्याला?’’ आजी म्हणाली, ‘‘मी.’’ थोरले दीर दारात उभे होते, ते काही बोलले नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर कधी. माफी मागायला गेली ती आजी. त्या घरातून कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही.

पुढच्या रविवारी तिनं ती ओळ म्हटली. वडिलांना आठवत होतं, कारण शेजारून अचानक आवाज आला.

दावा तिनं लावला नाही, मुदत गेली. वडील हे शेवटपर्यंत बोलून दाखवायचे: ‘‘क्षमा आईनं केली, जमीन आमची गेली.’’ शिक्षणासाठी त्यांनी दिवे विकले, पेपर टाकले, त्यांचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. माफ करायला हक्क सोडावाच लागतो का, यावर त्यांचं आणि आजीचं कधी जमलं नाही.

सासू गेली तेव्हा मात्र गावाहून माणूस आला बोलवायला. दिवसाच्या जेवणाला आजीला पडवीत बसवलं, वेगळ्या पत्रावळीवर, आत नाही. मला ती पडवी अजून खटकते. आजी जेवली, पत्रावळ स्वतः उचलून टाकली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आली. बरोबर थोरल्या जावेनं बांधून दिलेले नवे तांदूळ होते. त्याचा भात वडिलांनीही खाल्ला.