अंगणातला चंद्र

दिवाळीत मुलांना मातीत हात घालण्याची मुभा असते. आमच्या कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा खरा भुईकोट खंदकासह उभा आहे. तरीही अंगणात आपला स्वतःचा किल्ला हवाच! २०२३ साली मात्र शेजारच्या मुलांनी निराळाच घाट घातला. मातीवर चुलीतली राख पसरली, वाटीने खळगे पाडले, मधोमध तट उभारला, आणि दोन्ही बाजूंना मातीचे मावळे मांडले.

"गुरुजी, हा चंद्र!" त्यांनी मला सांगितले. त्याच वर्षी २३ ऑगस्टला चंद्रयान ३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले होते, त्याचा हा परिणाम.

तेवढ्यात भांडण जुंपले. एका उडीत मावळा किती लांब जाईल? चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकी. तेव्हा इथे एक वीत तर तिथे सहा, असा निवाडा मी दिला. नियम ठरला आणि भांडणाचा खेळ झाला.

या खेळाची वंशावळ मोठी आहे. हत्ती, घोडे, रथ व पायदळ पटावर आणून आपल्या पूर्वजांनी चतुरंग खेळला. त्यातून बुद्धिबळ निघाले. एकोणिसाव्या शतकात प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी खऱ्या भूभागाच्या नकाशावर लढाई मांडण्याचा खेळ रचला. १८२४ साली मुलाने त्याचे नियम प्रसिद्ध केले आणि सैन्याने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला. खेळ असा युद्धाच्या चाकरीस लागला.

त्याला परत दिवाणखान्यात आणले ते एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने. १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. नियम सोपे: एका डावात पायदळाने एक फूट चालावे, घोडदळाने दोन, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी सुटावी आणि जो शिपाई पडेल तो मेला. लुटुपुटीची लढाई खेळून पाहिली की खरी लढाई किती आंधळा व्यवहार आहे हे कळते, असे त्याचे म्हणणे होते. पुढल्याच वर्षी, १९१४ साली, महायुद्ध पेटले आणि स्वतः वेल्सनेही त्याची बाजू उचलून धरली! शहाणपण पुस्तकात राहिले.

गंमत अशी, की चंद्रावर माणसे पाठवणारा कादंबरीकारही हाच. त्याच्या १९०१ सालच्या 'द फर्स्ट मेन इन द मून' या कादंबरीत माणसाचा ठोसा बसताच चंद्रवासी फुटतो. पुढे चंद्रावर मागे राहिलेला शास्त्रज्ञ केव्हर तेथील अधिपतीला पृथ्वीवरच्या युद्धांची हकिकत भोळेपणाने सांगून बसतो. ऐकणारा थक्क होतो. त्यानंतर केव्हरचे बिनतारी संदेश मध्येच तुटतात ते कायमचे. असले प्राणी आपल्याकडे येऊ नयेत असे चंद्रवासीयांना वाटले, तर त्यांचे काय चुकले?

आज कल्पित ग्रहांवरच्या लढाया छोट्या शिपायांनिशी देशोदेशी खेळल्या जातात. खऱ्या चंद्रासाठी मात्र १९६७ साली राष्ट्रांनी एक करार केला. चंद्रावर लष्करी तळ, तटबंदी, शस्त्रांची चाचणी आणि कवायत यांना त्याने मनाई आहे. भारतालाही तो मान्य आहे. करार कागदाचाच, हे खरे. पण आमच्या भुईकोटाचे दगड पाहिले की वाटते, निदान एक भूमी तरी तटाविना राहो.

हे सारे मी मुलांना सांगितले. त्यांनी आपल्या राखेतल्या तटाकडे अपराधी नजरेने पाहिले. मग त्यांच्यातला धाकटा म्हणाला, "पण गुरुजी, खेळात चालतंय ना?"

"खेळातच चालतं बाळा," मी म्हणालो.

पडलेले मावळे उचलून त्याने पुन्हा रांगेत उभे केले.