खण, खांब आणि तुळई

'बार्न' या शब्दाला मराठीत एकच एक प्रतिशब्द काही मिळत नाही. गोठा म्हणावं तर तिथे धान्यही असतं. कोठार म्हणावं तर जनावरंही असतात. आणि मधोमध चक्क खळं असतं, छपराखालचं! आपल्याकडे मळणीच्या दिवसांत आभाळ मोकळं असतं, त्यामुळे खळ्यावर छप्पर घालायची गरज कधी पडली नाही. युरोपच्या ओल्या हवेत ती पडली. म्हणून गोठा, कोठार आणि खळं अशी तिन्ही एकाच मोठ्या छपराखाली आली आणि बार्न तयार झाला.

गेल्या काही वर्षांत मला या बार्नचं, आणि त्याच पद्धतीने बांधलेल्या घरांचं, वेडच लागलंय म्हणा ना. इथे न्यू इंग्लंडमध्ये रस्त्याने जाताना ते सारखे दिसतात. काही लाल रंगाचे, काही ऊनपावसाने राखाडी झालेले, काही एका बाजूला कलून अगदी शेवटच्या घटका मोजत असलेले. आणि काहींच्या उंच भिंतींत मोठमोठ्या काचा, वर धुराडं, दारात गाडी. म्हणजे आत कुणीतरी राहतंय! माणसांना गोठ्यात राहायची एवढी हौस का, असं आत्या फोनवर म्हणाली होती. आत्या, हा लेख खास तुझ्यासाठी.

आधी रचना समजून घेऊ. आपल्या नेहमीच्या कल्पनेत भिंत छप्पर तोलते. इथे तसं नाही. जाड चौकोनी खांब, त्यांवर आडव्या तुळया, कोपऱ्यांत तिरके आधार आणि वर वासे, असा एक लाकडी सांगाडा असतो. छपराचं सगळं ओझं वाशांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबातून खालच्या दगडात उतरतं. भिंत फक्त वारा-पाऊस अडवते. तिरके आधार दिसायला किरकोळ, पण ते खांब-तुळईच्या कोपऱ्यात त्रिकोण करतात, आणि त्रिकोण मोडल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. जोराच्या वाऱ्यात सांगाडा कलंडत नाही तो यामुळे.

आणि सांधे! जुन्या बार्नच्या सांगाड्यात खिळा शोधून सापडत नाही. एका लाकडाला खाच, दुसऱ्याला कुसू, आणि दोन्हींतून आरपार लाकडाची खुंटी. त्यात एक खुबी अशी, की कुसवातलं भोक खाचेतल्या भोकाशी अगदी समोरासमोर पाडत नाहीत, किंचित सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकली की ती कुसवाला आत ओढते आणि सांधा आवळला जातो. हे सगळं काम ओल्या लाकडात चालायचं, कारण ओलं ओक पटाशीला मऊ लागतं आणि वाळल्यावर दगडासारखं होतं. वाळताना लाकूड आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे नव्या सांगाड्याला पुढे भेगा पडतात आणि मधूनच 'टक्' असे मोठे आवाज येतात. पण खुंटीने धरलेला सांधा सुटत नाही.

किती काळ सुटत नाही? इंग्लंडमध्ये इसेक्स परगण्यात क्रेसिंग टेम्पल इथे टेम्पलर सरदारांनी बांधलेले दोन बार्न आहेत, एक जवाचा आणि एक गव्हाचा. दोन्ही तेराव्या शतकातले. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच शतकातले! लंडनच्या हीथ्रो विमानतळाला अगदी लागून हार्मंड्सवर्थ गावात १४२६ सालचा बार्न उभा आहे. सुमारे ५८ मीटर लांब, बारा खणांचा, ओकच्या खांबांच्या दोन रांगा, खांबांखाली दगडी ठोकळे. कवी जॉन बेट्जमन यांनी त्याला मिडलसेक्सचं कॅथीड्रल म्हटलं होतं. आत उभं राहिलं तर मान वर करावीच लागते, कारण मध्ये उंच गाळा आणि दोन्ही बाजूंना उतरती पाखं ही रचना खरोखरच चर्चसारखी आहे. फरक एवढाच, की इथे प्रार्थनेऐवजी पेंढा होता.

इंग्लंडमधून निघालेले लोक सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सला आले ते हीच विद्या हातात घेऊन. बॉस्टनजवळ डेडहॅम गावात फेअरबँक्स हाउस आहे, १६४० च्या आसपासचं. लाकडाच्या वलयांवरून त्याचं वय तपासलंय. उत्तर अमेरिकेत आजही उभं असलेलं लाकडी सांगाड्याचं सर्वांत जुनं घर म्हणून ते ओळखलं जातं. एकाच कुटुंबाच्या आठ पिढ्या त्यात राहिल्या. आज ते चारी बाजूंनी वाकलेलं, बसकं दिसतं, पण उभं आहे.

इंग्रजांचा बार्न तीन खणांचा. मधल्या खणात मळणीची फळ्यांची जमीन, एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला गुरं. मधल्या खणाला समोरासमोर दोन मोठी दारं. थंडीत झोडपणी करायची आणि मग दोन्ही दारं उघडून वाऱ्यावर धान्य उफणायचं. डच लोकांनी हडसन नदीच्या खोऱ्यात बांधले ते बार्न वेगळे. त्यांची गाडीची दारं निमुळत्या भिंतीत, आणि आत इंग्रजी एच अक्षरासारख्या प्रचंड चौकटी. त्यांच्या तुळईचं कुसू खांबातून आरपार जाऊन जिभेसारखं बाहेर डोकावतं आणि त्यात पाचर मारलेली असते. पेनसिल्व्हेनियात जर्मन लोकांनी उताराला टेकवून दुमजली बार्न बांधले, म्हणजे वरच्या बाजूने गाडी थेट माळ्यावर जाते आणि खालच्या बाजूने गुरं आत येतात. बांधणी पाहून मूळ गाव कळावं, अगदी आपल्या चिवड्यासारखं!

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. इंग्रजीत या घरांचं माप 'बे'मध्ये सांगतात, म्हणजे दोन खांबांच्या चौकटींमधली जागा. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? खण! 'पाच खणांचं घर' असं आजी म्हणायची तेव्हा मला वाटायचं, पाच खोल्यांचं असेल. तसं नव्हतं. ती भिंती मोजत नव्हती, सांगाडा मोजत होती. गावचा आपला वाडा आठवा. दगडी तळखड्यांवर सागवानी खांब, त्यांवर तुळया, वर कडीपाट. भिंतीतल्या विटा फक्त भर घालायला. दोन देशांचा एकमेकांशी काही संबंध नसताना सुतारांनी तेच गणित सोडवलं आणि मोजायला तेच एकक घेतलं. त्यामुळे पहिल्यांदा बार्नमध्ये शिरले तेव्हा मला परकं वाटलं नाही, याचं कारण आता कळतं.

हेन्री थोरोनेही वॉल्डनकाठची आपली झोपडी अशीच बांधली होती, १८४५ साली. (आपल्याला थोरो दुर्गाबाई भागवतांमुळे मराठीत भेटला.) उसनी कुऱ्हाड घेऊन त्याने पाइनची झाडं तोडली, खांब तासले, खाच-कुसू पाडले आणि मे महिन्याच्या सुरुवातीला मित्रांना बोलावून सांगाडा उभा केला. १० फूट बाय १५ फूट. सगळा हिशेब २८ डॉलर साडेबारा सेंट. एकटेपणाचा एवढा गाजलेला प्रयोग, पण सांगाडा उभारायला माणसं लागलीच!

बार्न उभारणीचं हेच तर मर्म आहे. एक संपूर्ण चौकट जमिनीवर आडवी जुळवायची आणि मग गावकऱ्यांनी लांब काठ्यांनी रेटत ती उभी करायची. पेनसिल्व्हेनिया-ओहायोमधले आमिश लोक आजही एकमेकांचे बार्न असे मिळून उभारतात.

मग हे बंद का पडलं? कारण साधं आहे, खिळा स्वस्त झाला. अठराव्या शतकाच्या शेवटी यंत्राने कापलेले खिळे आले, करवतीच्या गिरण्यांतून बारीक पट्ट्या मिळू लागल्या. १८३० च्या दशकात शिकागोत या पट्ट्या खिळ्यांनी ठोकून घरं बांधायची नवी पद्धत रुजली. जुने सुतार तिला 'फुगा' म्हणून हसले, पण ती जिंकली. त्यात अवघड सांधे नव्हते, आणि दोन माणसं घर उभारू शकत होती. घरांमधून खांब-तुळई गेली, बार्नमध्ये मात्र आणखी काही दशकं टिकली. पुढे कापणी-मळणीचं एकत्र यंत्र आलं, गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र आलं, आणि बार्नचं कामच संपलं. काम संपलेल्या इमारतीचं छप्पर कोण दुरुस्त करणार? छप्पर गळायला लागलं की ओकचा खांबही कुजतो.

त्यातला एक चटका लावणारा तपशील सांगते. पूर्व अमेरिकेतल्या कित्येक बार्नमध्ये चेस्टनटच्या तुळया आहेत. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चेस्टनटवर एक बुरशी आढळली आणि पुढच्या साधारण पन्नास वर्षांत ही झाडं जवळपास नामशेष झाली. तीन-चार अब्ज झाडं! आज त्या आकाराचं चेस्टनट लाकूड पाहायचं तर जंगलात नाही, जुन्या बार्नमध्येच जावं लागतं.

१९७० च्या दशकात काही तरुण सुतारांना ही विद्या पुन्हा शिकावीशी वाटली. शिकवायला फारसं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते जुन्या बार्नमध्येच शिकले. पडायला आलेला सांगाडा उतरवायचा आणि प्रत्येक सांधा उघडून पाहायचा. न्यू हॅम्पशरच्या टेड बेन्सन यांचं यावरचं पुस्तक १९८० मध्ये आलं, १९८५ मध्ये या सुतारांची संघटनाही झाली. आजचं खांब-तुळईचं घर त्यातून आलं. सांगाडा आत उघडा ठेवायचा आणि बाहेरून जाड फोम भरलेल्या पॅनेलचं पांघरूण घालायचं, म्हणजे थंडी बाहेर आणि लाकूड डोळ्यांसमोर. भिंतींवर भार नसल्याने आत कुठे भिंत घालायची, कुठे खिडकी पाडायची हे तुमच्या मर्जीवर. घराचा आराखडा काढायला बसणाऱ्याला यापेक्षा मोठं आमिष कोणतं? (तोटेही आहेत बरं का. खर्च जास्त, वायरी लपवायला जागा नाही, गरम हवा वर माळ्यावर जाऊन बसते आणि खालच्यांचे पाय गारच!)

पण मला खरी ओढ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हे घर काहीही लपवत नाही. कुठला खांब कशाला तोलतो हे लहान मूलही बोटाने दाखवू शकेल. आणि जे खुंटीने जोडलंय ते खुंटी काढून सोडवता येतं. जुने सुतार प्रत्येक सांध्यावर पटाशीने रोमन आकडे कोरायचे, जमिनीवर जुळवलेली जोडी उभारताना चुकू नये म्हणून. तेच आकडे आज सांगाडा उतरवून दुसरीकडे उभारणाऱ्यांच्या कामी येतात. असे कित्येक बार्न शेतातून निघून आज कुणाचं तरी घर झालेत.

हे चांगलं की वाईट? यावर इथे वाद आहे. बार्न त्याच्या शेतातून उचलला की त्याचा अर्धा अर्थ जातो, हे मला पटतं. श्रीमंतांच्या दिवाणखान्याची शोभा होण्यासाठी तो बांधला नव्हता, हेही खरं. हार्मंड्सवर्थचा बार्न २०११ मध्ये इंग्लिश हेरिटेजने घेतला आणि जागेवरच दुरुस्त केला, तसं व्हावं हे सगळ्यात उत्तम. पण तसं भाग्य थोड्यांचं. बाकीच्यांपुढे निवड असते ती जागेवर कुजायचं, फळ्या म्हणून विकलं जायचं, की सांगाडा म्हणून दुसरीकडे जगायचं. या तिघांत मी तिसऱ्याच्या बाजूने आहे. तुळई सुटी विकली की ती फक्त लाकूड असते. सांगाडा एकत्र राहिला तर त्यात ती बांधणाऱ्याचं डोकं शिल्लक राहतं.

आणि म्हणून आता घरच्यांसाठी दोन शब्द. अण्णाकाका, वाड्याचा व्यवहार ठरतोय हे कळलं. त्याला माझा विरोध नाही. तुम्ही दोघं त्या वयात गळकी कौलं किती वर्षं शाकारणार? लांब बसून वाडा वाचवा म्हणणं सोपं असतं. पण लाकूडवाला घनफुटावर भाव करेल, त्याच्याआधी चार दिवस मिळवा. प्रत्येक खांबाला आणि तुळईला खडूने नाही, पक्क्या रंगाने नंबर घाला. दादाने प्रत्येक खणाचं माप घ्यावं, सांध्यांचे फोटो काढावेत. निदान माजघराचे दोन खण तरी एकत्र ठेवता आले तर बघा, विकणाऱ्यालाही सांगाडा म्हणूनच विका. ठेवायला जागा आणि वाहतूक, हा खर्च माझा. पुढे ते कुठे उभे राहतील हे आज मला सांगता येणार नाही. पण नंबर घातलेले असले, तर उभे राहू शकतील.

बाकी ब्लॉगवाल्या मंडळींनो, तुमच्याकडे कुणी जुना वाडा किंवा घर असं उतरवून पुन्हा उभारलं असेल, तर जरूर लिहा. सुतार कुठला होता हेही कळवा.