घोडामैदान जवळ आहे, पण घोडं कुठंय?

इयरफोन लावलेत ना? मग चला, आज घोड्यावरून फिरायला जाऊया.

मंगोलियाच्या गवताळ मैदानात सात-आठ दिवस घोड्यावरून फिरायची सुट्टी असते, याचे रील्स तुम्ही पाहिले असतील. आपल्याकडे राजस्थानात मारवाडी घोड्यांवरून अशाच सफरी निघतात. जाहिरातीत बऱ्याचदा एक अट असते: फक्त अनुभवी स्वारांसाठी. कारण मोकळ्या मैदानात घोडा दुडकी चाल सोडून चौखूर उधळला, की नवशिक्याचं काही खरं नसतं.

आता गंमत बघा. असं मोकळं मैदान आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्येही आहे. नगर, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या पट्ट्यात पाऊस कमी, झाडी विरळ आणि माळ लांबच लांब. आणि या माळावर अनुभवी स्वार काही शतकं फिरत होते. सुट्टीसाठी नव्हे, पोटासाठी.

नगर शहराचा जन्मच एका लढाईतून झाला. १४९० मध्ये भिंगारजवळ मलिक अहमदने बहमनी फौजेचा पराभव केला आणि पुढे त्याच परिसरात आपली राजधानी वसवली. ही निजामशाही. तिच्या शेवटच्या काळात मलिक अंबर नावाचा हबशी वजीर पुढे आला. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस मुघलांना वर्षानुवर्षं झुंजवत राहिला. कसा? इथल्या मराठा घोडेस्वारांच्या जोरावर.

स्वार दोन प्रकारचे असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजीरोटीच गेली, त्यामुळे तो जनावराला जिवापाड जपायचा. या स्वारांकडे जड चिलखत नाही, तोफा नाहीत, तंबूंचा पसारा नाही. खोगीर, तोबरा, भाला आणि थोडी शिधाशिदोरी, बस्स. मुघल फौज म्हणजे चालतं-फिरतं शहर. तिच्याशी समोरासमोर भिडायचं नाही, तिची रसद तोडायची, रात्री छापा घालायचा आणि दिसेनासं व्हायचं. यालाच आपण गनिमी कावा म्हणतो. आपल्याला वाटतं गनिमी कावा म्हणजे फक्त सह्याद्रीच्या दऱ्याखोऱ्या. पण त्याचे कित्येक धडे या उघड्या माळावर गिरवले गेले.

त्यातला सगळ्यात मोठा धडा १६२४ चा. नगरजवळच्या भातवडीला मुघल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकत्र चालून आल्या. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या वाटेत चिखलच चिखल. अवजड फौज रुतली, हलक्या घोड्यांचे छापे सुरू झाले आणि मोठी फौज उधळली गेली. या लढाईत अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी इथेच पडले. शिवाजी महाराजांच्या जन्माआधीची, सहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट.

पण घोडा नुसत्या शौर्यावर चालत नाही, तो दाणा-वैरणीवर चालतो. म्हणून मराठा फौजेचं वेळापत्रक गवत ठरवायचं. पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मग मजल दरमजल मोहीम. शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यात काळजी कसली? वैरण आत्ताच संपवली तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, ही. आणि उंदराने दिव्याची जळती वात पळवली तर गवताच्या गंज्या पेटतील, ही. राज्य उभं करणारा माणूस उंदराचाही विचार करत होता. घोडं पेंड कुठं खातं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

पुढचा मुक्काम जामखेड तालुक्यातलं खर्डा. ११ मार्च १७९५. एका बाजूला हैदराबादचा निजाम अली, दुसऱ्या बाजूला पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन. निजाम मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, मराठी घोडदळाने वेढा आवळला, आत पाण्यावाचून हाल झाले आणि त्याला तह करावा लागला. सगळे मराठा सरदार पेशव्यांसाठी एकत्र लढले, ती ही शेवटची मोठी वेळ. आठ वर्षांनी, ऑगस्ट १८०३ मध्ये, आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. हजारो स्वारांचं काम संपलं आणि पागा ओस पडल्या.

ज्या घोड्यांवर हे सगळं उभं होतं, त्यांना भीमथडी म्हणत. भीमेच्या थडीची, म्हणजे काठाची घोडी. मारवाडी घोड्यासारखी उंच, रुबाबदार नाहीत. बुटकी, काटक, निबर खुरांची. कमी चाऱ्यावर लांब पल्ला गाठणारी. पेशवाई गेल्यावर ही जात संपली, असं बरेच जण धरून चालले होते.

संपली नव्हती. ती धनगरांच्या वाड्यावर होती. दिवाळीनंतर पारनेर, संगमनेरकडचे मेंढपाळ कळप घेऊन कोकणाकडे निघतात, तेव्हा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. भांडी, वाकळा, नुकती जन्मलेली कोकरं, कधी लहान पोरसुद्धा. ज्या घोड्याला आपण इतिहासाच्या पुस्तकात शोधत होतो, तो घाटरस्त्यात आपल्याच गाडीच्या बाजूने चालत होता आणि आपण हॉर्न वाजवत होतो! शेवटी कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली, आणि जानेवारी २०२४ मध्ये तसं प्रमाणपत्रही दिलं.

जामखेड तालुक्यातलंच चौंडी हे अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव, १७२५ सालचं. जिल्ह्याला आज त्यांचं नाव आहे. मेंढपाळ समाजातून आलेल्या होळकरांनी घोड्याच्या पाठीवरून माळव्यापर्यंत राज्य नेलं. त्याच समाजाकडे आज हा घोडा उरलाय, हा योगायोग नाही. घोडा त्यांनी शोभेसाठी नाही, गरज म्हणून सांभाळला.

आता ती गरजच आटत चाललीय. संसार वाहायला टेम्पो आला. त्याहून मोठं म्हणजे माळ कमी होतोय. सरकारी कागदावर माळ म्हणजे 'पडीक'. मग त्यावर काहीही उभं राहू शकतं: कारखाने, प्लॉट, कुंपणं. कर्जतजवळचं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० सालचं, पण क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. चौखूर धावणारा घोडा ते काही मिनिटांत पार करील.

म्हणून घोडेस्वारीच्या सुट्टीची कल्पना मला नुसती हौस वाटत नाही. नगरहून भातवडी, जामखेड, खर्डा, चौंडी, रेहेकुरी असा फेरा. घोडी भीमथडी, वाटाडे धनगर, मुक्काम वाड्यावर, आणि पैसे थेट त्यांच्या हातात. तसं झालं तर घोडा पाळणं परवडेल आणि माळाला 'पडीक' म्हणताना कुणीतरी दोनदा विचार करेल. पण अट एकच: पैसा फक्त रिसॉर्टवाल्याकडे गेला आणि धनगर नुसता फोटोपुरता उरला, तर ती सगळी खोगीरभरती.

नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर बघा, रणगाड्यांच्या पलटणींची नावं अजून 'पूना हॉर्स' अशीच आहेत. घोडा जाऊन लोखंड आलं, तरी नाव तेच राहिलं. भीमथडीचं मात्र फक्त नाव राहू नये.

यंदा दिवाळीनंतर घाटात मेंढरांचा कळप आडवा आला, तर गाडी बाजूला घ्या. हॉर्न वाजवू नका. कळपाच्या मागे सामान लादलेलं बुटकं घोडं दिसेल, त्याला आधी जाऊ द्या.