पाच काडतुसांचा ताळेबंद

बँकेत वीस वर्षं काढली, पण बंदुकीचा आणि माझा संबंध दारापुरताच होता. ती गार्डकाकांच्या खांद्यावर, मी काउंटरच्या मागे. आम्ही दोघंही सहसा उडत नसू.

एके दिवशी मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, "उद्या काकांची पोलिसांच्या मैदानावर नेमबाजीची प्रॅक्टिस आहे. तुम्ही बरोबर जा. काडतुसांच्या हिशेबाला कॉमर्सचा माणूस बरा." बी.कॉम.चा असा उपयोग माझ्या विद्यापीठाच्याही मनात आला नसेल.

मैदानावर पोचताच काकांनी तंबाखू मळायला म्हणून बंदूक माझ्या हातात दिली. समोरून हवालदार आले.

"बंदूक कोनाच्या नावाची?"

"बँकेच्या."

"लायसनवर नाव?"

"या काकांचं."

"मंग तुमच्या हातात कावून?"

एवढ्या चपळाईनं मी कॅशसुद्धा कधी कोणाला दिलेली नाही. हवालदारांनी मग शांतपणे कायदा समजावला. परवाना नसलेल्यानं बंदूक नुसती धरली तरी कलम ३ लागतं. मात्र परवानाधारक समोर हजर असेल आणि बंदूक त्याच्याच वापरासाठी नेली जात असेल, तर सूट आहे. काका तंबाखू मळत असले तरी हजर होते, म्हणून मी सुटलो. निदान हवालदारांनी तरी तसा अर्थ लावला.

काकांनी पाच बार काढले. मी पुंगळ्या मोजल्या, त्या चार भरल्या. पुन्हा मोजल्या. चारच. कॅशमध्ये शंभराची नोट कमी आली की पोटात जो गोळा येतो, तोच आला. मग मी, काका आणि हवालदार असे तिघे ओणवे होऊन गवत चाचपू लागलो.

ओणवं असताना माणसाला इतिहास आठवतो, असा माझा अनुभव आहे. आमच्या या मुलखात १८५८ साली बाबुराव शेडमाके इंग्रजांशी लढले आणि त्याच साली २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. तेव्हापासून जंगलातल्या माणसाच्या हातातलं हत्यार बघून सरकारच्या कपाळावर जी आठी पडली, ती काही सरळ झाली नाही. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटननं हत्यारांचा कायदा केला. नेटिवाला परवाना हवा, गोऱ्याला नको. त्याच साली त्याच गृहस्थानं देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही कायदा आणला. म्हणजे बंदूक आणि लेखणी दोन्ही एकाच वर्षी जमा! लेखणी चार वर्षांत सुटली, बंदूक अडकूनच राहिली. ती इतकी अडकली की १९३० साली गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठाच्या कराबरोबर स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या, हीही एक मागणी होती. अहिंसेच्या पुजाऱ्यानं बंदूक मागावी, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. भांडण बंदुकीचं नव्हतंच मुळी. सरकारचा आपल्या माणसावर विश्वास आहे की नाही, याचं होतं.

स्वराज्यात १९५९ चा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. गोरा-काळा भेद गेला, फॉर्म मात्र सगळ्यांना आले. एका माणसाकडे तीनच बंदुका, ही मर्यादा १९८३ साली आली. २०१९ साली तिनाच्या दोन झाल्या आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली.

मी गवतातूनच विचारलं, "हवालदारसाहेब, मला रिव्हॉल्वर मिळेल का हो?"

"कारन सांगा."

मी पुष्कळ विचार केला. माझ्याकडून पळवण्यासारखं एक टिफिन सोडलं तर काही नाही. रिव्हॉल्वरला सरकारला पटेल असं कारण लागतं. पण त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतकऱ्याची आठवण ठेवलेली आहे. पीक राखायला ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा, असं तिथं लिहिलंय. मला बरं वाटलं. धानाला आलेल्या रानडुकराची दखल दिल्लीनं घेतली होती तर!

बांधावर एक म्हातारेबुवा केव्हाचे बसले होते. शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं लांबट काहीतरी. ती भरमार बंदूक होती. इकडे ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात. गेल्या काही वर्षांत पोलिसांनी आवाहन केल्यावर गडचिरोलीतल्या बऱ्याच गावकऱ्यांनी या बंदुका आणून दिल्या. हेही त्यासाठीच आले होते.

"तुमची का?" मी विचारलं.

"आज्याची होती जी. मी त डुकरं हाकलाले वापरो."

"मग देता कशाला?"

"रातच्या येळी जंगलाच्या काठानं खांद्यावर बंदूक घेऊन चाललो, त मी कोन हाव, हे लांबून कोनाले समजते? ह्यायले बी नाही, अन् त्यायले बी नाही."

हवालदार काही बोलले नाहीत. पुंगळी शोधत राहिले. कलम १३ मध्ये अंधाराचा विचार केलेला नाही, हे मला तेव्हा कळलं.

"मग धान कसं राखाल?"

"टिनाचा डबा वाजवीन जी. डब्याले लायसन नाही लागत."

एवढं बोलून म्हातारेबुवा उठले, चार पावलं चालले, वाकले आणि गवतातून पाचवी पुंगळी उचलून माझ्या हातावर ठेवली. आम्ही तिघं अर्धा तास शोधत होतो! रात्ररात्र धान राखणाऱ्याची नजर ती. हवालदारांनी त्यांची बंदूक नोंदवून घेतली, कागदावर अंगठा घेतला आणि चहा पाजला. जाताना त्यांनी मोकळं गोणपाट नीट घडी करून काखेत मारलं.

संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "टॅली झालं?"

"झालं," मी म्हणालो. काडतुसं पाच, पुंगळ्या पाच, फरक शून्य. पाचवी कोणी शोधून दिली, हे लिहायला रजिस्टरात रकाना नव्हता.